आमा चिनी भाषेत बोलल्या

एडिसन, न्यू जर्सी
एप्रिल १९८८

आमा,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही आणि हे पत्र मी पोस्टात टाकणारही नाही. ल्हासात ते तुमच्याआधी दुसरंच कुणी उघडेल.

तिथल्या गोळीबाराची बातमी टीव्हीवर पाहिल्यापासून तुमचा मुलगा जाम्यांग धड जेवला नव्हता. आठ वर्षांचा असताना तो मामाच्या पाठीवर बसून भारतात आला, भंडाऱ्याच्या तिबेटी वसाहतीत वाढला. तेव्हापासून त्याने तुमचा आवाज ऐकला नव्हता. गेल्या आठवड्यात तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन लागला. "आमा," एवढंच म्हणून तो रडायला लागला.

तुम्ही मात्र चिनी भाषेत बोललात. जवळ कुणीतरी ऐकत उभं असणार. त्याला चिनी येत नाही. मी दुसऱ्या फोनवर ऐकत होते. तुम्ही एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतात.

"आशीर्वाद देत होती गं," तो म्हणाला.

ते वाक्य मी हॉस्पिटलमधल्या चिनी डॉक्टर लिनना म्हणून दाखवलं. त्यांनी अर्थ सांगितला: "पुन्हा फोन करू नकोस. मला घेऊन जातील."

मी त्याला हे सांगू शकलेले नाही. तो रोज नंबर फिरवतो. आज मी फोनची वायर काढली, तर म्हणाला, "कांचन, मी माझ्या आईशीही बोलायचं नाही?"

वायर त्याने परत जोडली आहे. तिकडे रिंग जातेय. तुमच्या पाया पडते, आमा, फोन घ्यायला येऊ नका.

तुम्ही न पाहिलेली सून,
कांचन