नाझीमकडून मागून घेतलेला पत्ता

५ जुलै २०१५, रवि.
अकोल्याहून नाझीम आला होता. चित्रांचे पत्ते जमवून ज्यानं त्यानं आपला डेक बांधायचा, असा आमचा खेळ. पुन्हा हरलो त्याच्याकडून, सलग चौथ्यांदा. त्याचे पत्ते मरतच नाहीत. टाकलेल्या गठ्ठ्यात गेले की दोन डावांत परत हातात. तीन वर्षं घासून बनवलाय डेक. आज साठही पत्ते उघडून दाखवले, कोणता कशासाठी ते सांगत.
"तुह्यापासून काय लपवाचं?" म्हणे.

८ जुलै, बुध.
उपाय सापडला. आम्ही 'कुलूप' म्हणतो तो पत्ता. तो मांडला की टाकलेलं काहीच परत येत नाही. बाकी कोणाविरुद्ध उपयोग शून्य. तीन लागतील. माझ्याकडे दोन, तिसरा नाझीमकडे.
फोन केला. म्हटलं, परतवाड्याचे दोघं रविवारच्या स्पर्धेला तुझ्यासारखाच डेक घेऊन येऊन राहिले, तुझं कुलूप दे.
"मंग इचारतं काय? ठेव तुह्यापाशीच."
खोटं किती सहज निघालं तोंडातून. अडखळलोसुद्धा नाही.

११ जुलै, शनि.
पत्ता आला. बसच्या कंडक्टरजवळ दिला होता, वहीच्या पुठ्ठ्यात नीट बांधून. माझे लाडके तीन काढले, कुलपं घातली. डेक बेढब झाला. असू दे.
वलगावहून बाबांचा फोन : पहिली पेरणी गेली, उद्या दुबार, येतं का? म्हटलं, दहावीचा क्लास घ्यायचा आहे.
हेही खोटंच.

१२ जुलै, रवि.
स्पर्धा. अकरा जण. परतवाड्याच्यांबद्दल नाझीमनं विचारलंही नाही. फायनल, मी नि नाझीम. शेवटच्या गेममध्ये तिसरं कुलूप हाती आलं. त्याचाच पत्ता. त्यानं ओळखला, हसला.
"माह्याच पत्त्यानं मारलं लेका!"
टाळी दिली. सगळे हसले. मीही.
कप कपाटात, शर्टांखाली.

१९ जुलै, रवि.
अकोला. नाझीमचं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक नाही. दोनदा पेरणी झाल्यावर कपडा कोण घेते यंदा. काउंटरवर त्याचा डेक सुटा पडलेला.
"काहून खोलला?"
"कमजोर हाय यार. तीन साल फालतू गेले. तूच सांग, काय ठेवू याच्यातलं?"
कमजोर नाही. आणि हे मला एकट्यालाच माहीत.
सांगून टाकलं. परतवाड्याचं कोणी नव्हतंच. कुलपं त्याच्यासाठीच घातली होती.
त्यानं कापडाचं एक थान गुंडाळून ठेवलं. मग,
"मी देल्ला तवा तुले मालूम होतं?"
"हो."
"खरं सांगून मांगतला असता, तरी देल्ला असता."
सांगितलेला चहा आला. दोघांनी प्यायला. नेहमी बसस्टँडपर्यंत येतो सोडायला. आज नाही.

२३ जुलै, गुरु.
दुपारी क्लासवर असताना नाझीमचा मिस्ड कॉल. एकच रिंग.
आता पाच वाजले. अजून लावला नाही.