कपाटातली साक्ष

तीर्थरूप मामांना, दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता, साष्टांग नमस्कार.

मामींनाही नमस्कार सांगा. गुडघा कसा आहे? आई सांगत होती की तुमच्या कार्यालयातली लिफ्ट दोन वर्षं बंद असल्याने चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तुम्ही जिन्यात दोनदा बसता, आणि दुसऱ्यांदा उठायला शिपायाचा हात लागतो. ऐकून जीव कळवळला. माझी तब्येत उत्तम आहे. भूक नाही, झोप नाही आणि एका जागी बसवत नाही, एवढं सोडलं तर तक्रार नाही. (हे पत्र तीन ठिकाणी बसून लिहिलंय, तेव्हा अक्षर मध्येच बदललेलं दिसेल. माणूस एकच आहे.)

आधी एक खुलासा. कॉलेज मी तत्त्वासाठी सोडलं, रागाच्या भरात नव्हे. (ग्रंथपालांच्या टेबलावर आपटलेलं पुस्तक जाड होतं, म्हणून आवाज मोठा आला.) त्यानंतर तुम्ही स्वतः फॉर्म भरून मला सरकारी प्रशिक्षण केंद्रात लिफ्टदुरुस्तीच्या वर्गाला घातलंत, हे उपकार मी विसरलेलो नाही. फक्त तेव्हा तुमच्या किंवा माझ्या लक्षात आलं नाही की केंद्राची इमारत बैठी आहे. खाली फरशी, वर पत्रे. लिफ्ट असती तरी तिला जायला जागा नव्हती. आमचे मास्तर मूळचे शिवणकामाचे. तो वर्ग बंद पडल्यावर त्यांना लिफ्टकडे वळवलं. दोरा, रीळ आणि खाली लोंबणारं वजन एवढं समजलं की लिफ्ट समजली, असं ते म्हणतात, आणि खोटं कशाला सांगू, त्यांचं फारसं चुकत नाही. पण लिफ्टच्या जागी आमच्याकडे दप्तराचं लोखंडी कपाट आहे. खण काढलेत, आत तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत बटणं रंगवली आहेत. एकाने प्रवासी होऊन आत कोंडून घ्यायचं आणि दुसऱ्याने त्याची सुटका करायची, हे आमचं प्रात्यक्षिक.

सुटकेचा पहिला नियम असा की हत्यार हातात घेण्याआधी आतल्या माणसाला धीर द्यायचा. वर्गात एक मुलगी आहे. (आईला यातलं काही बोलू नका.) ती हे काम सगळ्यांत चांगलं करते. दाराला तोंड लावून हळूच म्हणते, "घाबरू नका, मी बाहेरच आहे." हे वाक्य मी अकरा वेळा आतून ऐकलं आहे. प्रवासी व्हायला बाकीचे कुरकुरतात, आत गंजाचा वास येतो म्हणून. मला वास येत नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या लिफ्टविभागाने तिला जागा देऊ केली आहे, अट एवढीच की दोन महिन्यांनी मिळणारं प्रमाणपत्र हातात हवं. घरात कमावणारी ती एकटीच असणार आहे. हे मी सहज सांगितलं, त्यात माझा काही हेतू नाही.

आता मागच्या मंगळवारचं. प्रशिक्षण सुधारणा विधेयकावर तुमची समिती केंद्रं बघत फिरते आहे, हे मी काय सांगणार; कलम सात तुम्हीच टाइप केलंत. ज्या वर्गाकडे खरं यंत्र नाही, तो वर्ग कायदा लागू होताच बंद. आमच्या केंद्रप्रमुखांनी त्यावर उत्तर तयार ठेवलं होतं की लिफ्ट दुरुस्तीला गेली आहे. समिती चारला येणार म्हणून आम्ही तीनला सराव करत होतो. मी आत होतो. ती तेच वाक्य बोलली (अकरावी वेळ ती हीच), आणि कपाटाची मूठ तिच्या हातात आली. ती पेचकस आणायला धावली. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली आणि एका भारदस्त बाईंनी विचारलं, "आत काय शिकवतात?"

आमच्या वर्गात एक नकल्या आहे. केंद्रप्रमुखांपासून रेडिओवरच्या बाईंपर्यंत सगळ्यांचे आवाज काढतो आणि आठवडाभर समितीचेच काढत होता. मला वाटलं तोच. मामा, आत उकडत होतं. मी म्हटलं, "शिकवत नाहीत, कोंडतात." मग मला राहवेना. कपाट, बटणं, शिवणकाम, दुरुस्तीला गेलेली लिफ्ट, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणालो की हा वर्ग आजच्या आज बंद करा, इथून पास झालेल्याच्या हाती मी सायकलसुद्धा देणार नाही. दार उघडलं तेव्हा समोर अध्यक्षबाई, पाच सदस्य आणि भराभर लिहिणारा एक लघुलेखक होता. नकल्या लांब नळावर पाणी पीत होता. पेचकस तिच्याच हातात होता, म्हणजे सायकलीचं तिने ऐकलं होतं.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बुधवारी मी कपाटात गेलो तर तिने मुकाट्याने चार मिनिटांत सुटका केली. इतकी वाईट सुटका मी पाहिली नाही. मास्तरांनी तिला दहापैकी दहा दिले. अर्थात मलाही आता तिच्याबद्दल काही वाटत नाही. हे पत्र केवळ गुडघ्याच्या चौकशीसाठी आहे.

तुमचा आज्ञाधारक (कपाटाबाहेर असताना),
भाचा

ता. क. सोबत वर्गातल्या अठरा जणांच्या सह्यांचा अर्ज आहे. विधेयकावरच्या सूचना शुक्रवारी पाचपर्यंत चौथ्या मजल्यावर पोचायला हव्यात. कृपा करून तेवढा वर घेऊन जा. मागणी अशी की कलम सात राहू द्या, ते बरोबरच आहे. पण जे अर्धं शिकलेत त्यांना उरलेलं शिक्षण सरकारी कार्यालयांतल्या बंद लिफ्टांवर पुरं करू द्यावं. सुरुवात तुमच्या कार्यालयापासून. माझी साक्ष टाइप कराल तेव्हा त्यातला शब्दही गाळू नका, फक्त सायकल गाळा.

ता. क. २. अर्ज तिने लिहिला आहे. मी लिहिलेला पहिला खर्डा तिने फाडला आणि फाडताना मंगळवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली; त्यात मंत्र्यांना कपाटात घालण्याची सूचना होती. सायकलही गाळायची नाही म्हणते. खरं आहे तर राहू दे, लिफ्टवर शिकलो की खोटं ठरेल.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना तिने विचारलं, तुमच्या मामांची लिफ्ट आपल्याला मिळाली तर चाचणीला आत कोण उभं राहील? मी म्हटलं, मी. पण बाहेर कोण असेल ते आधी कळू द्या. ती म्हणाली, "घाबरू नका." पुढचं म्हणाली नाही. मामा, अर्ज शुक्रवारी पोचायलाच हवा. जिन्यात एकदाच बसा.