बांधावरची हजेरी

१० नोव्हेंबर १९९७

कबड्डीचा उपांत्य सामना मारला! पेणच्या मोठ्या शाळेला हरवलं. त्यांच्या पायात बूट, आमचे तळवे खळ्यावर खेळून घट्ट झालेले. शुक्रवारी रोह्याला अंतिम सामना. आमच्या खाडीकाठच्या शाळेचं नाव पंचांना अजून नीट घेता येत नाही. येईल! गुणाजी सर म्हणाले, "सरू, चढाई तुझी. तू पडलीस की संघ पडला."

१२ नोव्हेंबर

पौर्णिमेचं उधाण जवळ आलंय आणि खाडीचं पाणी अडवणारा बांध झिरपतोय. भात कापायला आलेलं. देवा, चार दिवस थांब.

१३ नोव्हेंबर

नाही थांबला. दुपारी बांधाला खांड पडली. उद्या पहाटे ओहोटीला ती बुजवायची, घरटी एक माणूस. बाबांना धाटावच्या कंपनीत शिफ्ट, सुट्टी नाही. आईचा हात प्लास्टरमध्ये. उरलं कोण? मीच. आणि उद्याच रोह्याचा सामना.

बांधाचा कारभार काळुराम आजाकडे. त्यांच्याकडे गेले, हात जोडले. म्हणे, "हजेरी दोनदा व्हते, सुरवातीला नि शेवटाला. शेवटाला ज्या घराची ओ नाय, त्याच्या वाट्याच्या बांधाला गाव हात लावनार नाय. तुज्या बापाला, जनूला, येगला कायदा नाय." म्हातारा नुसता दगड आहे. आणि आमच्या वाट्याचा बांध सगळ्यात कच्चा.

आई एवढंच बोलली, "तुजं तू ठरव गो." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१४ नोव्हेंबर, एसटीत

अक्षर हलतंय. गाडीमुळे.

पहाटे बांधावर गेले, पहिल्या हजेरीला ओ दिली. चिखलाची ढेकळं हातोहात पुढे द्यायच्या रांगेत उभी राहिले. उजाडल्यावर गुणाजी सर फटफटी घेऊन रस्त्यावर दिसले. हाक मारली नाही, नुसते बघत होते. हातातलं ढेकूळ पुढच्या बाईला दिलं आणि पळाले. मागून काळुराम आजा ओरडले, "ए पोरी!" मी वळले नाही.

रोह्यात पंच म्हणाले, आधी पाय धुऊन ये. खेळात जीव नव्हता. दोनदा पकडली गेले. शेवटची चढाई, गुण बरोबरीत. तिघींनी साखळी करून पाय धरले. एकच डोक्यात — इथे पडले तर बांधही गेला आणि कपही. सरपटत, ओढत, कशी कोण जाणे, बोटं मध्यरेषेला लागली.

जिंकलो. पोरी नाचल्या, मी बाजूला बसून रडले. त्यांना वाटलं, आनंदाने.

कोलाड गेलं, खांब गेलं. कप माझ्याच मांडीवर ठेवलाय सगळ्यांनी. जड लागतोय. गाव येऊच नये असं वाटतंय.

१५ नोव्हेंबर

खांड बुजली. भात वाचलं.

शेवटच्या हजेरीला आमच्या घराची पाळी आली, "जनूचं घर?" आई बायकांकडून ऐकलेलं सांगते — नाव काळुराम आजांनी पुकारलं आणि ओ पण त्यांनीच दिली.