महिन्याच्या बोलीवर जर्मन

१२ जानेवारी

तात्या बोलून बसले!

अंथुर्ण्याला मुलगी पाहायला गेलो होतो. स्वरूपा. इंदापूरला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. कारण तिच्या वडिलांनी, दादासोंनी, पोहे खाता खाता विचारलं, चारचाकी कोणती? आमच्याकडे दोन मोटरसायकली आणि ठिबकच्या दुकानाचा छोटा टेम्पो. आज गेलो ती गाडीसुद्धा शेजारच्या गेणबांची मागून नेलेली. मी खरं सांगायला तोंड उघडणार तोच माझे चुलते हिंदुराव तात्या म्हणाले, "जर्मन हाय. सर्व्हिसिंगला दिलीय पुण्याला."

येताना भवानीनगरपर्यंत वडील खिडकीबाहेरच पाहत होते. रविवारी दादासो आमच्याकडे कन्हेरीला येणार आहेत. म्हणजे सहा दिवस.

१४ जानेवारी

तोड तात्यांनीच काढली. पुण्यात एक कंपनी मोठ्या गाड्या महिन्याच्या बोलीवर देते. कर्ज नाही, हप्ते नाहीत, विमा आणि दुरुस्ती त्यांची. महिना झाला की परत करा, नाहीतर मुदत वाढवा. बासष्ट हजार. दुकानातून मला चांगल्या महिन्यात तेवढेच सुटतात. मी म्हणालो, असे सहा महिने भरले तर जुनी गाडी घरची होईल. तात्या म्हणाले, जुनी येईल, जर्मन येईल का? सांगितलंय जर्मन.

करार अठरा पानांचा आहे. सगळा वाचला, दोनदा. तात्या म्हणाले, "बारावीला एवढं वाचलं असतंस तर गाडी इकतच घेतली असती."

१६ जानेवारी

गाडी आली. काळी. दाराचा आवाजसुद्धा येत नाही. आई ताट घेऊन बाहेर आली आणि मी अडवायच्या आत बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं. कलम अकरा — रंगावर डाग पडल्यास भरपाई! मी ओल्या कापसाने पुसायला लागलो. गाडी आपली नाही हे आईला माहीत आहे. तरी म्हणाली, "दारात आली म्हंजी तिचं पाय धुवायचं. कुणाची का असंना."

वडील गोठ्याकडे निघून गेले.

गाडी कुठे आहे ते कंपनीला पुण्यात बसून दिसतं. सारखं कुणीतरी मागून पाहतंय असं वाटतं.

१८ जानेवारी

दादासो आले. बैठकीत दहा मिनिटं बसले, गाडीपाशी पाऊण तास. नंबर एमएच चौदा कसा, बारामतीचा बेचाळीस का नाही, असं विचारलं. तात्या म्हणाले, शोरूम तिकडलं ना. दादासो हसले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पावनं, जमलं समजा."

आनंद व्हायला हवा होता. आत जाऊन करारातली तारीख परत पाहिली.

२३ जानेवारी

गाडी दिवसभर ताडपत्रीखाली. शेळ्या मागच्या बाजूला बांधल्या.

३१ जानेवारी

साखरपुडा वीस फेब्रुवारीला. लग्न मे महिन्यात. गाडीची मुदत सोळा फेब्रुवारीला संपते.

आज अंथुर्ण्याला बोलावलं होतं. दादासोंनी कंपाउंडचं गेट पाडलंय! दगडी खांब काढून चार फुटांनी रुंद करतायत. जावयाची गाडी आत आली पाहिजे म्हणे. खांबाशेजारचा पारिजातकही तोडला. स्वरूपाच्या आईने लावलेला होता, असं त्यांची म्हातारी मोलकरीण कुशाबाई म्हणाली. स्वरूपाची आई जाऊन नऊ वर्षं झाली.

स्वरूपा पाणी घेऊन आली. तोडलेल्या खोडाकडे पाहत होती, गाडीकडे नाही. मी तिथेच सांगायला हवं होतं. ग्लास घेतला आणि पाणी प्यायलो. बस.

६ फेब्रुवारी

व्हायचं ते झालं. निमगाव केतकीच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोरून आला. मी पार कडेला घेऊन उभा राहिलो, तरी बाहेर आलेल्या उसाच्या टोकांनी उजवं दार खरवडत नेलं. ट्रॅक्टरवाल्याला कळलंही नाही, त्याची गाणी चालू होती. ओरखडा मोजला — साडेनऊ इंच. शेजारी तात्या होते. त्यांनी लगेच दादासोंना फोन लावून सांगितलं. कशाला?

७ फेब्रुवारी

दादासोंचा फोन. त्यांच्या ओळखीचा माणूस विम्यातून काम करून देतो. आरसी बुकाचा फोटो पाठवा म्हणाले. आरसीवर कंपनीचं नाव आहे! पाठवतो म्हणालो. दुपारी परत फोन. संध्याकाळी परत. दुकानात गिऱ्हाइकाने सोळा एमएमची नळी मागितली तर बाराची दिली.

९ फेब्रुवारी

सांगितलं.

मोटरसायकलवर गेलो. दादासो गवंड्याजवळ उभे होते. मी एका दमात सगळं बोललो — गाडी महिन्याच्या भाड्याची, तात्या बोलले ते खोटं, मी गप्प बसलो तेही खोटंच. शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. त्यांनी गवंड्याला चहाला पाठवलं. नवीन खांबावरून हात फिरवत राहिले. मग विचारलं, अजून कुणाला ठाऊक आहे? घरच्यांना, मी म्हणालो.

"मग गप ऱ्हावा. लग्नापतोर ऱ्हाऊ द्या गाडी. अर्धं पैसं मी देतो. साऱ्या भावकीला जर्मन सांगून बसलोय मी." आणि मी गाडीला किक मारल्यावर, जवळ येऊन, हळू आवाजात — "पोरीला यातलं कायबी कळता कामा न्हाय."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

११ फेब्रुवारी

तात्या खूश आहेत. देवमाणूस मिळाला म्हणतात. मला मात्र आधीपेक्षा जास्त भीती वाटते. लग्नानंतर काय? गाडी विकली म्हणायचं? कुणाला? किती रुपयांना? तिने विचारलं तर मी एक आकडा सांगणार, दादासो दुसरा. आणि ती त्याच घरात, माझ्यासमोर बसून जेवणार. रोज. करारात मुदत वाढवायचं कलम आहे, ते तीन ओळींचं आहे. यातून बाहेर पडायचं कलम कुठेच नाही.

१३ फेब्रुवारी

इंदापूरला गेलो. लॅबच्या मागे पायरीवर ती डबा खात होती. सांगितलं. दादासो काय म्हणाले तेही सांगितलं.

तिने घास खाली ठेवला. अण्णांना, म्हणजे दादासोंना, कधीपासून माहीत आहे, विचारलं. चार दिवस, मी म्हणालो. तिने डब्याचं झाकण लावलं, दोनदा दाबून.

"म्हणजे तुमचं आणि अण्णांचं जमलं," ती म्हणाली आणि आत गेली.

मी पायरीवरच होतो. एक बाई रिपोर्ट कुठे मिळतात विचारत होती.

१५ फेब्रुवारी

दादासोंनी एकतीस हजार पाठवले. चार फोन आले. उचलले नाहीत. पैसे परत केले. मुदत वाढवायची नाही असं कंपनीला कळवलं. वडिलांना सांगितलं. ते बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलले — "जेवून घे."

१६ फेब्रुवारी

दहा वाजता कंपनीचा माणूस ओरखड्याच्या भरपाईचं बिल हातात देऊन गाडी घेऊन गेला. साडेअकराला दारात स्कूटी थांबली. स्वरूपा. एकटी. आमच्याकडे अशी कुठली मुलगी येत नाही. आई ओसरीत तशीच उभी राहिली.

ती वडिलांना म्हणाली, "साखरपुड्याची तारीख काढली, पण मला अजून कुणी विचारलेलं नाही. मीही यांना काही विचारलेलं नाही. तर बसून बोलू म्हटलं."

वडील माझ्याकडे पाहतायत. आई चहा टाकतेय. वही घ्यायच्या निमित्ताने आत आलो आहे. अक्षर वाकडं येतंय. राहू दे.