बांधाखालचं घर

मी, व्हर्ना लूसिल रॅटलिफ, वय एकाहत्तर, राहणार लॉरेल फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया, आधी राज्याच्या प्रतिनिधीगृहाची व आता सिनेटची सदस्य, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर दडपण आणणारे पुष्कळ आहेत. पण मृत्युपत्र करा, असं त्यांतल्या कोणी सुचवलेलं नाही. आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

घाईचं कारण असं. गावावरच्या डोंगरात कंपनीने कोळसा धुऊन उरलेल्या काळ्या गाळाचं तळं साठवलं आहे, आणि त्याचा बांध पाझरतो आहे. ते तळं कंपनीने उपसावं, हे माझं विधेयक मंगळवारी समितीपुढे येतं आहे. गेल्या रविवारी अंगणात उभ्या गाडीची काच गोळीने फुटली. शेरीफ म्हणाले, "असेल कोणी शिकारी." मी विचारलं, "माझी गाडी हरणासारखी दिसते का हो?"

१. बँकेतली शिल्लक माझी भाची रोना हिला द्यावी. तिच्या नवऱ्याला आकडा सांगू नये.

२. माझे दिवंगत पती होमर यांची सुतारकामाची हत्यारं गावच्या अग्निशमन दलाला द्यावीत. माझे निवडणुकीचे फलक त्यांनी त्याच हत्यारांनी घडवले. मी तेव्हा शाळेची बस चालवत होते. ओढ्यावरचा पूल वाहून गेला, मुलं पलीकडे अडकली, राजधानीतून कोणी दाद देईना, म्हणून उभी राहिले. सभागृहात पहिल्याच दिवशी एकजण म्हणाला, "बाई, ही काही शाळेची बस नव्हे." म्हटलं, "बरं झालं सांगितलंत. दंगा ऐकून मला तसंच वाटलं होतं." पूल झाला. पुढे सिनेटला उभी राहिले ती या तळ्यासाठी.

३. माझ्या अंत्यविधीत सिनेटर बर्डेट यांनी भाषण करू नये. हे विधेयक त्यांनी दोनदा दाबून ठेवलं. नंतरच्या जेवणात बीन्स आणि मक्याचा ब्रेड मात्र त्यांनी खुशाल खावा.

४. राहतं घर तळ्याच्या थेट खाली आहे. ते माझा धाकटा भाऊ डेल्बर्ट यास द्यावं. तळं आहे तो डोंगरउतार त्यानेच कंपनीला विकला, आणि बांध भक्कम असल्याची साक्ष मंगळवारी तोच देणार आहे. अट अशी, की त्याने या घरात राहावं, आणि नातवंडं आली की त्यांना डोंगराकडच्या खोलीत झोपवावं. अट मोडल्यास घर पाडून जागा गावाला द्यावी.

हे कलम मी आज त्याला फोनवर वाचून दाखवलं.

"ताई, हा काय चावटपणा?"

"घर देतेय तुला. बांध भक्कम आहे ना?"

"इंजिनिअर म्हणतात तसं."

"मग पोरांच्या गाद्या कुठे घालू, ते सांग."



"पोरं नाही झोपणार तिथे."

"हेच मंगळवारी बोल."

त्याने फोन आपटला. तासाभराने रोनाचा फोन आला. "आत्या, बाबा विचारतायत, मंगळवारी तू किती वाजता निघणार? ते तुझ्याबरोबर येतायत."

तिथे तो काय बोलणार, हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. समितीपुढे तो तोंड उघडेपर्यंत कलम चार कायम राहील.

लिहून देणार : व्हर्ना एल. रॅटलिफ

आमच्यादेखत सही झाली. बाईंचा हात स्थिर होता.
साक्षीदार : ऑर्व्हिल टॅकेट, निवृत्त खाणकामगार
साक्षीदार : जुनीटा मलिन्स, परिचारिका

लॉरेल फोर्क, शनिवार, २ फेब्रुवारी २०१९