आरिस्तोनमामा बिशप झाले

अमास्त्रिस बंदर,
द्राक्षतोडणीचे दिवस

चि. दिऑन यास मेलितेताईचे अनेक आशीर्वाद. प्रभूची शांती असो, वि. वि.

अरे, ऐकून उडशीलच! आपले आरिस्तोनमामा बिशप झाले! शिडं शिवणारे आपले मामा! जुने बिशप वारले म्हणून नवे निवडायला मंडळी जमली. कुणीतरी मामांचं नाव घेतलं मात्र, सगळं घर दुमदुमलं. मामा मागच्या दाराने पळत होते, मीच आडवी उभी राहिले. म्हणाले, कार्टे, बघून घेईन तुला! सम्राटाच्या देवांपुढे धूप टाका, नाहीतर मरा, असा रोमहून हुकूम आलाय. त्याची धास्ती आहेच. पण आज फक्त आनंद.

आहे ती माया राहू दे.
तुझी ताई


सिनोपे,
थंडीची सुरुवात

ती. ताईस दिऑनचा नमस्कार.

मामा बिशप! आता प्रवचनालाही टाके घालतील! पण चेष्टा पुरे. इथे धरपकड सुरू झालीय आणि आधी बिशपांनाच शोधतायत. माझ्या ओळखीचा तांडेल ग्लाउकस तुमच्या धक्क्याला जहाज लावेल. मामांना पोत्यात घालून का होईना, चढव.

धाकट्यावर लोभ असावा.
दिऑन


अमास्त्रिस,
वसंत

चि. दिऑन यास आशीर्वाद. मी सुखरूप आहे, हे आधी वाच.

जहाज लागलं त्याच सकाळी शिपायांनी आम्हा बायकांना धरलं. मामा कुठे ते विचारत होते. एकीनेही तोंड उघडलं नाही. मामांचा एक पाय जहाजाच्या फळीवर होता, असं ग्लाउकस सांगतो. आमची खबर कळताच ते उलटे फिरले आणि थेट चौकात सुभेदारापुढे उभे! म्हणाले, बिशप मी. यांना सोडा, यांच्या चुली थंड पडल्यात. सुभेदाराने आम्हाला सोडायला सांगितलं. मग मामांना म्हणाला, म्हाताऱ्या, चिमूटभर धूप टाक आणि तूही जा. मामा म्हणाले, शिडं शिवून बोटं राठ झालीत साहेब, ही चिमूट काही धरवत नाही. अख्खा चौक हसला म्हणे!

तुरुंगाच्या दारात गाठ पडली. मी बाहेर येत होते, ते आत जात होते. मी रडू लागले तर दटावलं, पोरं उपाशी असतील, पळ आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलवारीने मारलं त्यांना. मान त्यांनी स्वतःच मोकळी करून दिली.

आणि ऐक! भीतीपोटी धूप टाकून आलेली आपलीच माणसं एकेक करून पुढे आली. मामांना खांद्यावर घेतलं आणि भर चौकातून, सुभेदाराच्या देखत, गात निघाली. दिऑन, सगळ्यांत वरचा आवाज माझा होता!

प्रेमात अंतर नको.
तुझी ताई