ओल्या फडक्याखाली

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! एक पिशवी, हत्यारांची पेटी, आणि मी नको नको म्हणत असताना आईने दोरीने करकचून बांधून दिलेली रजाई. गाठ सोडता सोडता नख तुटलं. आईच्या गाठी म्हणजे काय, कुलुपाला लाजवतील.

कॉलेजातली भट्टी बंद पडून जमाना झाला, म्हणून सरांनी दोन महिन्यांसाठी मला या ओतकामाच्या कारखान्यात पाठवलंय. मार्चअखेर आमचं शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन. प्रत्येकाने धातूचं एक काम मांडायचं, नाहीतर वर्ष गेलं. कारखाना कसला, दोन खोल्याच आहेत. पुढे मातीची, मागे भट्टीची, आणि माळ्यावर माझी, एका खिडकीची. खिडकीतून समोरच्या लाँड्रीवाल्याची इस्त्री दिसते. मला जागा फार आवडली.

मालक म्हणजे ओतारीकाका. सत्तरीचे असतील. भुवया भट्टीने कधीच्या खाल्ल्यात, त्यामुळे चेहरा कायम आश्चर्य वाटल्यासारखा. बोलतात मोजून मापून. मातीच्या खोलीत लांब फळीवर धातूची अकरा डोकी आहेत. काका रोज सकाळी ती पुसतात, आणि सुरुवात नेहमी एका बाईपासून. तिचे ओठ जरासे उघडे आहेत. मी विचारलं ही कोण, तर म्हणाले, घरातली.

६ फेब्रुवारी

दोन दिवस नुसती माती तुडवतेय. पोटऱ्या भरून आल्यात. आज काकांनी विचारलं, डोकं कोणाचं करणार? मी म्हटलं, आईचं. लगेच पुढचा प्रश्न, गेली का? मी दचकलेच. इथे म्हणे फक्त गेलेल्या माणसांची डोकी होतात. जिवंत माणसाची माती या खोलीत लागत नाही. तीनदा विचारतात, आणि तिन्ही वेळा हो आलं तरच काम घेतात.

आता काय करावं? डोक्यात दुसरं कोणीच नव्हतं. घरातल्या प्रत्येक फोटोत आई एक तर कडेला कापलेली नाहीतर कोणाच्या तरी मागे. तिचा असा एकटीचा चेहरा कुठेच नाही. मला तो करायचाच होता. म्हटलं, म्हाताऱ्याचं खूळ आहे, आपलं काय जातंय? तीनदा हो म्हणाले. तीन वर्षं झाली जाऊन, असंही वर ठोकून दिलं. मग जीभ चावली, पण तेवढंच.

७ फेब्रुवारी

सांगाडा उभा केला. फळीवर लोखंडी नळी, वर तारेचा फुगा. काकांनी बजावलं, फुलपाखरू टांगायला विसरू नकोस. फुलपाखरू म्हणजे दोन काड्या फुलीसारख्या बांधून तारेने आत लोंबत सोडायच्या. ओली माती त्यांना धरून राहते, नाहीतर आपल्या वजनानेच हळूहळू नळीवरून खाली घसरते. मला माहीत आहे की सगळं. पण काका बाहेर गेले, हात शिवशिवत होते, आणि पंधरा दिवसांत तर साचा काढायचाय. एवढ्यात काय घसरतंय! नाही टांगलं.

इथली आणखी एक रीत आहे. पहिला गोळा ठेवताना त्या माणसाला हाक मारायची. हातांना कळायला हवं म्हणे, कुणाकडे जायचंय. मी गोळा थापला आणि हसत हसत मोठ्याने ओरडले, आई गं!

संध्याकाळी ताईचा फोन. इकडच्या तिकडच्या गप्पांत म्हणाली, आईला भास व्हायला लागलेत. दुपारी कोणीतरी हाक मारली म्हणून ताट सोडून दारापर्यंत गेली. मला हसूच आलं.

१२ फेब्रुवारी

नाक जमलं! आईचं नाक म्हणजे शेंड्याशी किंचित चपटं, चष्म्याच्या दोन खुणा. न बघता बोटं बरोब्बर जातायत. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, फारच येतेय ही. कौतुकच असावं.

आज एका गेलेल्या मास्तरांचं, त्यांच्या शाळेने सांगितलेलं डोकं ओतलं, मी मदतीला होते. मातीवर प्लास्टरचा साचा चढवतात. तो उघडला की आतली माती ओरबाडून काढून टाकायची. साच्यात मेण भरायचं, मेणाभोवती दुसरा साचा, मग तो भाजायचा की मेण वितळून निघून जातं, आणि त्या पोकळीत धातू. काका म्हणाले, धातू राहायचा तर आधीचं काहीच राहत नाही. धातू ओतताना इतका सुंदर दिसतो की मी श्वास घ्यायला विसरले.

१५ फेब्रुवारी

काल सुट्टी म्हणून गावभर भटकले आणि मातीवरचं फडकं ओलं करायचं राहिलं. वेंधळी कुठली! आज बघते तर वरच्या ओठाला उभी चीर. पाणी मारून, पातळ मातीचा गारा भरून बुजवली.

दुपारी ताई सांगत होती, आईचा ओठ काल आपोआप फाटला. बोलता बोलता रक्त. आज सकाळी बरा झाला, पण हात लावला की मऊ लागतो म्हणे. मातीसारखा, असं तीच म्हणाली. 

१६ फेब्रुवारी

मी मूर्ख आहे का? आहेच. पण राहवेना. डाव्या कानामागे, कोणाला दिसणार नाही अशा जागी, करंगळीच्या नखाने छोटीशी खूण केली. चंद्रकोरीसारखी. मग ताईला फोन करून सांगितलं, आईच्या कानामागे जरा बघ, काही चावलंय का.

ताई म्हणाली, नाही गं, चावलेलं नाही. नखाची खूण आहे.

१७ फेब्रुवारी

खूण बुजवली. तिचीही गेली. 

१८ फेब्रुवारी

काकांना खरं सांगून टाकलं. वाटलं होतं अंगावर धावून येतील. ते खाली बसले, मातीतच. मग म्हणाले, मीही एकदा केलं होतं. रीत त्यानंतरची आहे. आणि फळीवरच्या त्या बाईकडे बघितलं.

त्यांनी सरळ सांगितलं, लपवलं काही नाही. माती वाळली तर तडकेल. मोडली तर मोडलीच. भाजायची तर आधी कापून आतून पोकळ करावी लागते. धातूत घ्यायची तर साच्यातून हातांनी ओरबाडून काढावी लागते. त्यांनी तेच केलं होतं. तिला आता काही दुखत नाही, म्हणाले, पण ती आता नाही.

मग करायचं काय? ओली ठेवायची. फडकं सुकू द्यायचं नाही. जोवर तुझे हात चालतील तोवर ती आहे. मी म्हटलं, एवढंच ना? जन्मभर ठेवीन! खरंच हायसं वाटलं मला. मी रडत रडत हसत होते.

मग त्यांनी विचारलं, फुलपाखरू टांगलंयस ना?

१९ फेब्रुवारी

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. ओली ठेवावी तर घसरते, सुकू द्यावी तर तडकते. आज बोटं लावून मोजलं. हनुवटी गळ्याच्या खाचेपासून चार बोटं होती, तीन राहिलीत. डावा गाल ओघळतोय.

वरून काड्या खुपसून आधार देता येईल का, असं मी काकांना विचारलं. विचारता विचारताच मला कळलं मी काय विचारतेय.

दोन काड्यांचं काम होतं. दोन मिनिटांचं. त्या दिवशी इतकी कसली घाई होती मला? थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण हात चिखलाचे आहेत.

२१ फेब्रुवारी

आईला दवाखान्यात नेलं. डावी बाजू लुळी पडलीय म्हणतात, आणि मान आत बसत चाललीय. डॉक्टरांना काही कळत नाही. ताई माझ्यावर चिडली. आई अशी पडलीय आणि तुला तिकडे शिल्पं सुचतायत? ये आधी! कशी येऊ? डोकं घेऊन गाडीत बसले तर हादऱ्यांनी — आणि सोडून गेले तर फडकं —

सांगून टाकलं असतं ताईला. पण सांगायचं काय? मी तीनदा हो म्हटलं, हे?

२३ फेब्रुवारी

हनुवटीखाली लाकडाचा ठोकळा लावला, चिंधी गुंडाळून. टिकला. मी चार तास शांत झोपले.

ताईचा फोन. आईच्या गळ्यावर काळानिळा वळ. घास उतरत नाही, पाणी नाही. चौकोनी वळ आहे, म्हणाली.

ठोकळा काढला. आता हातच. हात मऊ असतात.

२५ फेब्रुवारी

काका आणि मी पाळीपाळीने धरतो. त्यांचे हात थरथरतात. त्यांनी धरलं की ताई सांगते, आईचं तोंड थरथरतंय. म्हणून मीच.

लहानपणापासून माझे हात गार. चेहऱ्याला लावले की आई ओरडायची, काढ गं बाई, हुडहुडी भरते! आणि मग स्वतःच्या पदरात घेऊन चोळत बसायची.

२६ फेब्रुवारी

आई दवाखान्यात सांगत असते, कोणीतरी माझी हनुवटी धरलीय. सगळ्यांना वाटतं भ्रम. ताईने विचारलं, कोण धरतंय? तर म्हणाली — धाकटी आहे. हात गार आहेत ना.

तिला माहीत आहे.

२७ फेब्रुवारी

डाव्या हाताने धरलंय, उजव्याने लिहितेय. लिहिलं नाही तर झोप लागेल. माती कोमट आहे. मी पाणी गारच मारते, तरी कोमट.

उजवा डोळा खाली आला. मी वर सारला. पुन्हा आला.

काकांनी प्लास्टर कालवून ठेवलंय.  घमेलं घेऊन दारात उभे राहतात, घट्ट झालं की टाकून देतात, पुन्हा कालवतात. मी हो म्हणायची वाट बघतायत. मी हो म्हणणार नाही. तीनदा म्हणून झालं माझं.

२८ फेब्रुवारी

बोटं सुजलीत. पेन नीट —

तळाशी भेग. मानेत, नळीपाशी. आरपार —

फोन वाजला. कोपराने घेतला, स्पीकरवर. ताई. रडत होती, आधी कळेचना. म्हणाली आईला आता बोलता येत नाही, पण मगाशी ओठांना कान लावला तेव्हा एक वाक्य तीन तीनदा म्हणाली. निरोप आहे माझ्यासाठी. सोड म्हणावं तिला. हात दुखले असतील पोरीचे.

नाही. नाही गं आई. नाही दुखत —

काका आत आले. घमेलं खाली ठेवलंय. फळीवर बाराव्या डोक्यापुरती जागा करतायत —

नळीवरून सरकतंय. एका हाताला पेलत नाही. आई, थांब, पेन टाकते, थांब, दुसरा हात ला